दिवेलागणीच्या आत

४ जुलै १९५८

ही डायरी ह्यांनी शिमग्याला मुंबईहून आणली. गिरणीतल्या कुठल्याशा साहेबाने वाटली होती. जाताना माझ्या ट्रंकेत टाकली नि म्हणाले, आईसमोर मला सांगता येत नाही ते ह्यात लिहीत जा. आता आली का पंचाईत. हे वाचणार असतील तर मी खरं लिहिणार नाही, आणि वाचणार नसतील तर लिहून उपयोग काय? असा वाद मी स्वतःशीच घालत बसले आणि जानेवारीपासूनची पानं कोरी राहिली. आज पाऊस असा लागलाय की लावणीलाही कोणी उतरलं नाही, म्हणून उघडली.

मी राही. माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. चौथी पास. ह्या वाडीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नाही, हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरतही नाही. वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या अंगाला. घरात मी आणि सासू ठकूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे रावजी मुंबईला गोदीत होते, हे लहान असतानाच ते तिकडे तापाने गेले. आणि आमचे हे. हैबती. लिहिलं एकदाचं नाव.

मला पाचवा चालू आहे. पहिलं बाळ महिन्याचं होऊन गेलं. हातात घेतलं तर वजनच लागायचं नाही त्याचं. दुसरं गेल्या वर्षी पोटातच गेलं. हे तिसरं जगावं एवढंच देवाकडे मागणं. आणखी एक आहे, पण ते मागायची लाज वाटते. मला ह्यांचा चेहरा एकदा नीट बघायचा आहे.

हसू नये. लग्नाला सहावं वर्ष, पण हे येतात शिमग्याला नि गणपतीला. दिवसा घरात सासू, ओटीवर वाडीतली माणसं. पदर पुढे, मान खाली. ह्यांच्या पायांची बोटं मला पाठ आहेत. रात्री बघावं म्हटलं तर ही चिमणी. घासलेट भेसळीचं येतं, त्यामुळे ज्योत असते पण उजेड म्हणून पडत नाही. समोर माणूस बसलाय एवढं कळतं, बाकी सगळं काळंभोर. तुडीलला असताना मी काठावरून काळोखात सांगायची, ही होडी कुणाची नि वल्ह्यावर कोण. तिथलं घासलेट चांगलं असणार.

२७ जुलै

डोहाळे लागलेत आणि लागून लागून कशाचे, तर पपईचे. मागीलदारी न्हाणीपाशी झाड आहे, आत्ता इतकं लगडलंय की बघवत नाही. भांडी घासायला बसलं की पिकल्या फळाचा वास येतो नि तोंडाला पाणी सुटतं. पोटुशीने पपई खायची नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण जिवाला कोण सांगणार?

गेल्या वर्षीही हेच डोहाळे होते. तेव्हा आत्याबाईंना माझी दया आली. बाईच्या मनात राहिलं तर पोराच्या तोंडातून लाळ गळते म्हणून त्यांनी स्वतः एक फोड कापून दिली. त्याच आठवड्यात मी झऱ्यावरून हंडा घेऊन येत होते. त्या दिवशी पाहुणे आले होते, पाण्याला जायला उशीर झाला. तिन्हीसांजेची पायरी चुकली, मी हंड्यासकट खाली गेले, आणि रात्री सगळं संपलं.

वाडी म्हणाली, पपई बाधली. आत्याबाई तर त्या दिवसापासून बदलल्याच. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण स्वतःला काय काय बोलत असतील देव जाणे. आता झाडाखाली मी उभी राहिले तरी हाक येते, "राही, आत ये गो." मी आत येते. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, पण मी असं कधी त्यांना सांगितलेलं नाही.

१६ ऑगस्ट

महाडचे हसनभाई आज येऊन गेले. ते वाड्यावाड्यांतून अंडी, लोणी, फळं गोळा करतात नि महाडच्या बाजारात विकतात. आमच्या कोंबड्यांची सगळी अंडी आणि टोपलीभर पपया घेऊन गेले. हसनभाई माणूस सुस्वभावी. म्हणाले, भाभी, हे सगळं खाली जातं, तुम्ही वर काय खाता? मी म्हटलं, भात नि कुळथाची पिठी, सुकट असली तर सुकट. ते म्हणाले, माझ्या घरी बायको दोन जिवांची असली की मी टोपलीतलं आधी घरी देतो, मग बाजारात. आत्याबाई आतूनच म्हणाल्या, तुमची गोष्ट वेगळी, आमच्याकडं अंडं उष्ण पडतं. मीठ-मिरची-घासलेट त्या अंड्यांवरच येतं, हे मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

आमच्या घराची एक शिस्त लिहायची राहिली. सगळं दिवेलागणीच्या आत. स्वयंपाक, जेवणं, भांडी, गुरांचं वैरणपाणी, सगळं उन्हं असताना उरकायचं. चिमणीसुद्धा बाहेर उजेड असतानाच लावतात. वाडीतल्या बायका चेष्टा करतात, ठकूबाईच्या घरात कोंबड्यांच्या आधी माणसं झोपतात. शिवाय वस्तू जिथली तिथे. काल मी हंडे ठेवायची घडवंची जरा सरकवून ठेवली, संध्याकाळी आत्याबाई तिच्यावर सपशेल आपटल्या. मग जो काय माझा उद्धार झाला. एवढी मोठी घडवंची दिसली नाही का, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

तशा त्या मायेच्या. दिवेलागण झाली की मला मागीलदारी जायचं असलं तर स्वतः हात धरून नेतात. एक हात माझ्या हातात, दुसरा भिंतीवर. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा घराच्या भिंतीवरून त्यांचा हात फिरत असतो. पाऊल मात्र खंबीर. मी चाचपडते नि त्या सरळ जातात. जेवायलाही आता मला आधी बसवतात, आणि मग मडक्यात उरेल त्यावर स्वतःचं भागवतात. म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला काय लागतं? अजून पन्नाशीला आलेल्या नाहीत.

२३ सप्टेंबर

गौरी गेल्या, गणपती गेले, हेही गेले. घर नुसतं खायला उठतंय.

आले तेही रात्रीच. पोलादपूरला एस.टी.तून उतरून चालत निघाले, वाटेत नदीला पाणी. मी दारात चिमणी घेऊन उभी. "कशी हायस?" हा आवाज आला तेव्हा कळलं की हे अगदी समोर उभे आहेत. आत्याबाई पुढे झाल्या, दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड कुरवाळलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि कानशिलावर बोटं मोडली. मला त्या हातांचा हेवा वाटला. आईला सगळं चालतं.

रात्री ह्यांना म्हटलं, चिमणी जरा जवळ आणू का? म्हणाले, कशाला गो, चांगली जळतेय की. मग म्हणाले, तू माझ्याकडे बघत का नाहीस, रागावलीस काय? मी बघतच होते हो. जिथून आवाज येत होता तिथेच बघत होते. रडू आलं. हे म्हणाले, पोटुशी बायका रडतातच.

दिवसा एकदाच संधी आली होती. हे आरतीत तबक धरून उभे होते, मी दाराआडून बघितलं. नेमके शेजारचे भिकूभाऊजी मधे. त्यांची पाठ काय ती मन भरून बघितली. वाडीतले म्हातारे म्हणत होते, हैबती म्हणजे हुबेहूब रावजी. सासऱ्यांनाही मी पाहिलं नाही, तेव्हा माझ्या दृष्टीने दोघेही सारखेच.

हे आता शिमग्याला. तोवर बाळ झालेलं असेल, असलं तर.

१२ ऑक्टोबर

आज शांतपणे लिहायला हवं.

पोलादपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई काल भिकूभाऊजींच्या बायकोचं बाळंतपण करायला आल्या होत्या. नुरजहाँ नाव, महाडच्या. परतायला संध्याकाळ झाली म्हणून आमच्या ओटीवर मुक्कामाला थांबल्या. मी चहा केला. त्यांनी हात पुढे केला असावा, मी कप दिला असं मला वाटलं, आणि कप खाली पडून फुटला. मी म्हटलं, मेलं घासलेटच असलं. नर्सबाई हसल्या नाहीत. माझ्या तोंडासमोर काहीतरी हलवलं असणार. म्हणाल्या, किती बोटं? मी म्हटलं, कसली बोटं?

मग म्हणाल्या, घासलेटाला नावं ठेवू नका, मला ह्या दिव्यात तुमच्या कपाळावरचं गोंदण दिसतंय. ह्याला रातांधळेपणा म्हणतात. दिव्यातलं काही कमी नाही, तुमच्या अंगातलं कमी झालंय. पोटातलं बाळ आधी आपलं घेतं, उरेल ते आईला. अंडी, शेवग्याचा पाला, अळू, मासळीची काळीज-डोकी, पिकलेली पपई, असलं खाल्लं तर पुन्हा दिसायला लागेल.

आत्याबाई एवढा वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, आमच्यात हे असंच असतं, माझ्याही प्रत्येक पोटाला व्हायचं, बाळंत झालं की जातंय. आणि पपईचं नाव काढू नका बाई, ह्या हातानं मी एक पोर मारलंय. मग त्यांनी गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

नर्सबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती पडली तेव्हा काय वेळ होती, मावशी?"

"दिवेलागण झालेली."

"मग पायरी तिला दिसली असेल का?"

आत्याबाई उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या. नर्सबाईंनी मागून विचारलं, मावशी, तुम्हाला दिसतं ना संध्याकाळचं? आतून उत्तर आलं, मला काय धाड भरलीय, झाक दिसतंय.

मला झोप आली नाही. म्हणजे ती पायरी मला दिसली नव्हती. मी आजवर समजत होते, की माझा पाय घसरला.

१३ ऑक्टोबर

सकाळी नर्सबाई बाळंतिणीला बघायला पुन्हा आल्या, तेव्हा माशाच्या तेलाची एक बाटली देऊन गेल्या. म्हणाल्या, दवाखान्यात एवढीच होती, फक्त पोटुशीसाठी आहे, रोज चमचाभर. वास असा की देवही पळेल.

दुपारी मी धान्य निवडत होते. आत्याबाई मागीलदाराकडून आल्या, माझ्यासमोर ताटली ठेवली. पिकलेली पपई, साली काढलेली, बिया काढलेल्या.

"खा," म्हणाल्या. "मी बसते हितं."

मी म्हटलं, तुम्हीपण घ्या. म्हणाल्या, मला कशाला, माझं काय व्हायचं राहिलंय? मी खाल्ली. अशी गोड गोष्ट मी जन्मात खाल्ली नव्हती आणि खाताना डोळ्यांतून सारखं पाणी. त्या शेवटची फोड संपेपर्यंत माझ्याकडे बघत बसल्या होत्या, जणू मी आता पडते की काय.

हसनभाई आले, त्यांना अंडी नाहीत म्हणून सांगितलं. रिकामी टोपली उचलून म्हणाले, आज पहिल्यांदा रिकामा जाताना बरं वाटतंय भाभी. ह्या महिन्यात मीठ जपून वापरायला लागेल. लागू दे.

२९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी चुलीपुढे बसले होते. वर बघितलं तर आढ्यावर मांजर. पाय चाटत होतं. मी बघत राहिले. मग कळलं की बाहेर काळोख पडलाय आणि मी मांजर बघतेय.

सगळं बघून घेतलं. चिमणीच्या काचेची काजळी, भिंतीवरची पाल, माझे स्वतःचे हात. आमचं घर रात्रीचं एवढं सुरेख दिसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई, मला दिसतंय, असं मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, देव पावला गो, आता गप झोप. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, माझ्या जरा डावीकडे होतं. झोपेत असतील.

आता फक्त शिमगा यायचा राहिलाय. हे ह्या घटकेला काय करत असतील? चाळीत जेवायला बसले असतील. मुंबईत विजेचा दिवा असतो म्हणे, तिथे कुणीही ह्यांना बघतं.

१४ डिसेंबर

मुलगी झाली. नाव साळू. बारीक आहे, पण रडते अशी की वाडीभर कळतं आमच्याकडे माणूस आलंय. नर्सबाईंनी काट्याला लावून बघितलं, म्हणाल्या, अजून भरायला हवी, पण जगेल, आईला खायला घाला. आत्याबाईंनी सगळा डिंक, सगळं तूप माझ्यापुढे ओतलंय. बाटलीच्या तळाला अजून थोडं तेल होतं, तेही मलाच.

रात्री पोर उठली की मी दिव्यात तिचं तोंड बघत बसते. पहिल्याचं मी रात्रीचं कधी बघितलंच नव्हतं. तो गेला तो रात्रीचाच. एवढंच लिहिते.

२४ मार्च १९५९

गेल्या वर्षीची डायरी, तिच्या मार्चच्या कोऱ्या पानावर लिहितेय. कोरी ठेवली होती ते बरंच झालं.

हे काल आले, शिमग्याला. पुन्हा उशिराच. कुत्री भुंकली तशी मी चिमणी घेऊन दारात गेले. वाटेवरून एक माणूस ट्रंक डोक्यावर घेऊन येताना दिसला. लांबून दिसला. मी मान खाली घातली नाही. आत्याबाई शेजारीच होत्या, तरी नाही घातली.

हे उंबऱ्याशी आले नि थांबले. म्हणाले, अशी काय बघतेस? मी म्हटलं, बघतेय. आणखी काही सुचलंच नाही. सहा वर्षांत मी मनात जो चेहरा केला होता तो हा नव्हे. हा त्याच्यापेक्षा चांगला आहे, आणि दमलेला आहे. मला एकदम ह्यांची इतकी माया आली की साळू मांडीत नसती तर काय केलं असतं सांगवत नाही. हो, साळू कडेवर होती. बघा, लिहितानाही माझा हात थाऱ्यावर नाही.

आत्याबाई पुढे झाल्या, नेहमीसारखं दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड कुरवाळलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बोटं मोडली. ह्या वेळी मला त्या हातांचा हेवा वाटला नाही. ह्या वेळी ते हात मला दिसले. गालावर थांबत होते, पुन्हा पुन्हा जात होते, गालफडाचं हाड चाचपत होते.

हे हातपाय धुवायला गेले. मी चुलीपाशी आले. आत्याबाई भिंतीला हात लावत माझ्यापाशी येऊन बसल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "राही, वाळलाय का गो तो?"

मी म्हटलं, आत्ताच तर बघितलंत तुम्ही.

त्यांचं तोंड माझ्या जरा डावीकडे होतं. मी चिमणी उचलली, त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, बाजूला नेली. डोळे जिथल्या तिथे. सगळं दिवेलागणीच्या आत. वस्तू जिथली तिथे. घडवंची. माझा हात धरून मागीलदारी नेणारी बाई. माझ्या दुप्पट काळोखात होती ती, आणि मी तिच्या भरवशावर चालत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हैबतीच्या वेळेला लागलं. मग मागनं तीन झाली नि गेली. दर वेळेला लागायचं नि जायचं. शेवटच्याला गेलंच नाय." मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नगो. आंधळ्या सासूच्या हाती पोर कोण देतंय?"

ती तेलाची बाटली मी एकटीने संपवली. ती पपई मी एकटीने खाल्ली, आणि ही बाई समोर बसून माझं खाणं ऐकत, नाही, तेव्हा दुपार होती, बघत होती. मला कशाला, असं म्हणाली आणि मी ते खरं धरलं.

त्यांचा हात हातात घेतला नि सांगायला लागले. वाळलेत, पण फार नाही. गालफडं वर आलीत. डाव्या भुवईत जुना वण आहे. डोळ्यांखाली काळं झालंय, रातपाळीचं असेल. कानशिलाजवळ केस पांढरे व्हायला लागलेत. त्या मान हलवत ऐकत होत्या. पांढऱ्या केसांचं ऐकून म्हणाल्या, बापाचेही लवकरच झाले असं लोक सांगायचे.

लोक कशाला, मी म्हटलं, तुम्ही बघितले असतीलच.

"तो पण रात्रीचाच यायचा गो," आत्याबाई म्हणाल्या. "दिवसा माझी सासू. रात्री माझं हे असं, जायचं तवा तो मुंबईला. मग तार आली. त्याचं तोंड कसं होतं ते मला ठावं नाय, राही. बघितलंच कुठं मी."

बाहेर हे चूळ भरत होते. साळू माझ्या मांडीवर जागी होती, टुकूटुकू दिव्याकडे बघत होती. उद्या झाडावरची पहिली पपई त्यांच्या ताटात, आणि त्या खात नाहीत तोवर मी खाणार नाही, हे मी तिथेच ठरवलं, आणि आज सकाळी केलंही. पुष्कळ कुरकुर केली त्यांनी. खाल्ली.

पण ते आजचं. तेव्हा मी चिमणी खाली ठेवली. वाडीतले सगळे म्हणतात, हे हुबेहूब सासऱ्यांवर गेलेत. तेवढ्यात हे आत येऊन पाटावर बसले, उजेडात. मी त्यांच्याकडे नीट बघितलं, आत्याबाईंचा हात घट्ट धरला, आणि हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, कपाळापासून.